देवाचे शील

देव आहे की नाही, ह्या प्रश्नावर सुशिक्षित घरांतून वाद पुष्कळ रंगतात. परंतु तो असल्यास कसा आहे, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक पाहता व्यवहारात महत्त्व ह्या दुसऱ्या प्रश्नाचेच अधिक. देव मानणारी दोन माणसे घ्या. एकाचा देव बारीकसारीक चुका टिपून ठेवणारा व संधी मिळताच सूड घेणारा आहे. दुसऱ्याचा देव चुकलेल्याची वाट पाहणारा आहे. अस्तित्वाच्या प्रश्नावर ह्या दोघांचे एकमत असूनही त्यांची घरे, त्यांनी मुलांना लावलेले वळण आणि शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी ही सर्वस्वी भिन्न होतात. मनुष्य ज्याची पूजा करितो त्याच्यासारखा तो हळूहळू होत जातो, हे जर खरे असेल, तर देवाच्या शक्तीविषयीच्या गैरसमजापेक्षा त्याच्या शीलाविषयीचा गैरसमज अधिक घातक मानला पाहिजे.

प्रस्तुत लेखात ख्रिस्ती मनात रुजलेल्या अशा काही गैरसमजांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही जन्माने ख्रिस्ती नाही. तथापि तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाच्या निमित्ताने पाश्चात्य धर्मविचाराशी आमचा जुना परिचय आहे. आणि आम्ही राहतो त्या नावड्यात व जवळच्या पनवेल-तळोजाच्या वसाहतींत नगर, वसई, कोकण आणि केरळ येथून पोटापाण्यासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे आमची शेजारी आहेत. परक्याच्या देव्हाऱ्यातील धूळ दाखविणे शिष्टाचाराला सोडून होते, हे आम्ही जाणतो. म्हणून एक पथ्य आम्ही प्रारंभीच स्वीकारितो. येथे लावावयाचे माप ख्रिस्ती शास्त्राचेच राहील, आमचे नव्हे. शिवाय जे गैरसमज पुढे सांगावयाचे आहेत त्यांपैकी एकही असा नाही की जो आमच्या हिंदू घरांतून तितक्याच सुखाने नांदत नाही.

पहिला गैरसमज असा की, जगातील प्रत्येक आपत्ती ही देवाने कोणाला तरी दिलेली शिक्षा होय. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता व लोक सकाळच्या उपासनेसाठी देवळांत जमले होते. पुष्कळ जण त्या देवळांखालीच गाडले गेले. तरीही पुढच्याच वर्षी मलाग्रिडा नावाच्या एका जेझुइट धर्मोपदेशकाने पुस्तिका लिहून प्रतिपादन केले की, हा भूकंप नैसर्गिक नसून शहराच्या पापांबद्दल झालेला दंड आहे. ही समजूत ख्रिस्ती लोकांपुरतीच आहे असे मात्र नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारात भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाचे फळ होय असे महात्मा गांधींनी म्हटले. आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात त्यांच्याशी एकमत असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी ह्या कार्यकारणभावाला जाहीर विरोध केला. हेतू कितीही थोर असला तरी अशा उपपत्तीत एक मोठी अडचण राहतेच. ती ही की, दंड भलत्यालाच होतो.

आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दिवसभर कष्ट करून निजलेली ठाकर समाजाची माणसे व त्यांची मुलेबाळे मातीखाली गेली. ही माणसे पनवेलच्या बाजारात भाव पाडणाऱ्यांहून किंवा डोंगर पोखरणाऱ्यांहून अधिक पापी होती, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल काय? आणि ख्रिस्ती शास्त्र ह्याविषयी काय सांगते? शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, त्यांचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशूने तेथे स्वच्छ विचारिले आहे की, हे अठरा जण यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होते असे तुम्ही समजता काय. आणि उत्तरही त्यानेच नकारार्थी दिले आहे. जन्मांधाला पाहून शिष्यांनी, पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, असा प्रश्न केला, तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारिले. जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ तर सबंध ह्याच प्रश्नावर आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या सांत्वनासाठी आले व सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणमीमांसा सुरू केली आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग ओढवला तो त्या देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. देवाची बाजू घेण्याच्या आवेशात देवाविषयी खोटे बोलणे हाही अपराधच आहे, असा ह्याचा अर्थ.

दुसरा गैरसमज पहिल्याचाच धाकटा भाऊ आहे. आपत्ती हा जर दंड, तर संपत्ती व आरोग्य हे बक्षीस ठरते. आणि बक्षीस मिळविण्याची किंमत ठरविता आली म्हणजे भक्तीचा व्यापार होतो. १५१७ साली जर्मनीत टेट्झल हा पापदंडाच्या माफीची पत्रे पैसे घेऊन देत फिरत होता. त्या व्यापाराविरुद्ध ल्यूथरने लेखणी उचलली व युरोपातील ख्रिस्ती धर्माचे दोन तुकडे झाले. परंतु तो व्यापार काही बंद पडला नाही. त्याने नाणे तेवढे बदलले. हल्ली कित्येक प्रार्थनासभांतून असे सांगण्यात येते की, पुरेसा विश्वास धरा म्हणजे रोग बरा होईल, कर्ज फिटेल, नोकरी लागेल. आमच्याकडील नवसाची ही सख्खी बहीणच म्हणावयाची; आणि नवसाची थट्टा तुकोबांनी कधीच करून ठेविली आहे. नवसात निदान एवढा तरी प्रामाणिकपणा असतो की, काम न झाल्यास नारळ फोडावा लागत नाही. येथे मात्र काम न झाल्यास दोष भक्ताच्याच माथी येतो. ज्या घरातील मूल दुखण्याने गेले त्या घरातील आईला, तुझा विश्वास कमी पडला, असे सांगणारे भेटतात. मुलाच्या मरणाचे दुःख त्या माउलीला होतेच. त्यावर आपणच त्याला मारिले असा भार चढविला जातो.

हा न्याय लावू गेल्यास काय निष्पन्न होते ते पाहण्यासारखे आहे. गेथशेमाने बागेत येशूने, हा दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली. तो टळला नाही. पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी तीन वेळा विनविले. काटा निघाला नाही. मग येशूचा विश्वास कमी पडला म्हणावयाचे काय? जो सिद्धांत लावला असता धर्माचा संस्थापकच अविश्वासी ठरतो, तो सिद्धांत त्या धर्माचा असू शकत नाही, हे समजण्यास तर्कशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

तिसरा गैरसमज अधिक विद्वत्तेच्या वेषात वावरतो. जुन्या करारातील देव कोपिष्ट व कठोर आणि नव्या करारातील देव प्रेमळ, असे पुष्कळ ख्रिस्ती बोलतात आणि ख्रिस्तेतर सुशिक्षितही तेच पोपटासारखे म्हणतात. हे मत नवे नाही. दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या एका पुरुषाने हेच प्रतिपादन करून जुना करार टाकून द्यावा असा आग्रह धरिला, आणि रोम येथील मंडळीने त्याला इ. स. १४४ च्या सुमारास बहिष्कृत केले. अर्थात् हे मत ख्रिस्ती संप्रदायानेच पाखंड ठरविले आहे. तरीही ते मरत नाही, ह्याचे कारण ते सोयीचे आहे. अडचणीचे जे जे असेल ते दुसऱ्याच्या देवावर ढकलता येते.

आमच्या पनवेलकरांना तरी ही चूक शोभत नाही. पनवेल येथे बेने इस्रायल समाजाचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर १८४९ पासून उभे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ती ही मराठी बोलणारी माणसे. त्यांच्याजवळ नवा करार नाही. त्यांची सारी भक्ती त्या तथाकथित कोपिष्ट देवालाच वाहिलेली; आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याच देवाची त्यांनी मराठी कीर्तनेही रचिली. केवळ भयावर कीर्तन उभे राहत नाही. योनाची गोष्ट ह्याच जुन्या करारातली. निनवे शहराचा नाश व्हावा अशी इच्छा योनाची होती; त्यावर दया दाखविली ती देवाने, आणि त्या शहरातील अजाण लेकरांची व गुराढोरांचीदेखील काळजी वाहिली. होशेयाने देवाची तुलना, व्यभिचारिणी पत्नीला पुनः घरी आणणाऱ्या पतीशी केली. उलटपक्षी नरकाच्या यातनांविषयीचे कठोरातील कठोर शब्द नव्या करारात, आणि तेही बहुधा येशूच्याच मुखी, आहेत. तेव्हा एकीकडे सारे ऊन व दुसरीकडे सारी सावली, ही वाटणी ग्रंथ उघडून पाहणाऱ्याला मान्य होणार नाही. जुन्या करारात युद्धांची व संहाराची जी वर्णने आहेत ती मनाला टोचतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांचा निवाडा करण्याची दृष्टी त्याच ग्रंथातील संदेष्ट्यांनी दिली आहे. फादर स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले. त्याच्या सुमारे ११,००० ओव्यांचे पहिले पुराण व दुसरे पुराण असे दोन भाग आहेत. दोन्हींत देव मात्र एकच. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या उंबरठ्यावरच ही गोष्ट सांगून ठेविलेली आहे.

चौथा गैरसमज सर्वांत नाजूक, कारण तो ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी, म्हणजे क्रूसाशी, निगडित आहे. सर्वसाधारण समजूत अशी : बाप रागावलेला, मुलगा मायाळू, बापाला रक्त पाहिजे होते, मुलाने आपले देऊन त्याला शांत केले. आमच्या एकत्र कुटुंबांत तापट वडील व मध्यस्थी करणारा काका असे चित्र आपण पाहिलेले असते. तेच येथे आकाशावर काढलेले आहे. ह्या समजुतीला विद्वानांचाही हातभार लागला. अन्सेल्म ह्या कँटरबरीच्या आर्चबिशपने १०९८ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात पाप म्हणजे देवाच्या मानाचा भंग व क्रूस म्हणजे त्याची भरपाई, अशी मांडणी केली. सरंजामशाहीत धन्याचा अपमान हा सर्वांत मोठा अपराध असे. त्या काळच्या माणसाला हीच भाषा समजण्यासारखी होती. अन्सेल्मचा विचार मूळचा सूक्ष्म आहे. परंतु लोकांच्या तोंडी जाता जाता देव हा मानापमानाला जपणारा जहागीरदार होऊन बसला. त्याच्या नंतरच्याच पिढीतील अबेलार्ड ह्याने, क्रूसाने देवाचे मन बदलत नसून माणसाचे बदलते, असा विचार पुढे मांडला, ही गोष्ट मात्र लोकांच्या ध्यानात राहिली नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील क्रम पाहावा. देवाचे जगावर प्रेम होते म्हणून पुत्र आला, असा तो क्रम आहे. पुत्र मेला म्हणून देव प्रेम करू लागला, असा नाही. आणि ख्रिस्ती ज्याला त्रैक्य म्हणतात त्याचा अर्थच मुळी असा की, पित्याचे व पुत्राचे मन दोन नाही. जो त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करितो तो त्रैक्य मानीत नाही. तो दोन देव मानतो, त्यांतील एक चांगला व एक वाईट. येशूने सांगितलेल्या दाखल्यातील उधळ्या मुलाचा बाप घ्या. तो मुलाला पाहून धावत सुटतो. हिशेबाची वही काढतो तो थोरला भाऊ. कोणी म्हणेल, असे फुकट क्षमा करणे म्हणजे न्यायाची हेळसांड नव्हे काय? आमचे उत्तर असे की, क्षमा कधीच फुकट नसते. सावकाराने कर्ज सोडून दिले तर ते पैसे आकाशातून भरून येत नाहीत. ती तूट सावकारालाच सोसावी लागते. क्रूसाचा अर्थ ज्यांना ह्या रीतीने लागतो त्यांना त्यात सोसणाऱ्या देवाचे दर्शन घडते, रक्ताची उगराणी करणाऱ्याचे नव्हे.

आता ह्या चारही गैरसमजांचे मूळ कोठे आहे? आमच्या मते ते एका वाक्यात सापडते, आणि ते वाक्य सर्व धर्मांतील माणसे मोठ्या नम्रतेने उच्चारितात : देवाचा चांगुलपणा माणसाच्या मापाने मोजू नये. ह्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच हे वाक्य धोक्याचे. १८५८ साली मॅन्सेल ह्यांनी ऑक्सफर्ड येथील आपल्या बॅम्प्टन व्याख्यानांत ह्या मताचा पुरस्कार केला. त्याला १८६५ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनी जे उत्तर दिले ते आमच्या पिढीतील इंग्रजी शिकलेल्यांना परिचित आहे. माणसात ज्याला आपण क्रौर्य म्हणतो तेच देवात चांगुलपणा ठरत असेल, तर ‘चांगला’ ह्या शब्दाला अर्थच उरत नाही. आणि अशा सत्तेला केवळ ती बलिष्ठ आहे म्हणून चांगली म्हणण्यापेक्षा नरक पत्करणे बरे, असे मिल ह्यांचे म्हणणे पडले. मिल आस्तिक नव्हते. परंतु ह्या एका स्थळी ते पुष्कळ आस्तिकांहून देवाच्या अब्रूला अधिक जपत होते. देवाचा चांगुलपणा आमच्या चांगुलपणाहून निराळा असेल, पण तो अधिकतेच्या दिशेने निराळा असला पाहिजे. सूर्य पणतीहून फारच निराळा आहे. परंतु निराळा म्हणून तो काळोख नव्हे.

हा प्रश्न केवळ ऑक्सफर्डच्या व्याख्यानगृहातला नाही. महाराष्ट्राच्या एका कन्येने तो स्वतःच्या आयुष्यात भोगिला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या विद्यालयात असताना त्यांचा सिस्टर जेराल्डीन, मिस बील व इतर गुरुजनांशी जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. पाचपंचवीस वर्षांची एक विधवा, पदरी लहान मुलगी, परका देश, आणि आश्रय ज्यांचा घ्यावयाचा तेच धर्मगुरू. अशा स्थितीत ह्या बाईंनी, बुद्धीला व सदसद्विवेकाला न पटणारे मत केवळ मंडळीची आज्ञा म्हणून आपण स्वीकारणार नाही, असे निक्षून कळविले. त्रैक्याविषयीही त्यांनी शंका घेतल्या. गुरुजनांना हा अहंकार वाटला. आम्हांस ती खरी श्रद्धा वाटते. जो देव सत्य आहे तो खोटी कबुली मागणार नाही, असा देवाच्या शीलावर विश्वास असल्यावाचून माणूस इतका निर्भय होत नाही. पुढे त्यांच्या मतांत पालट झाला व त्या ख्रिस्तभक्तीत अधिक खोल गेल्या. परंतु तो पालट त्यांचा स्वतःचा होता. दुष्काळातील शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणताना, हा दुष्काळ तुमच्या कोणत्या पापाचे फळ, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्यांनी अगोदर अन्न दिले.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत; आणि त्या पुलावरून येताना त्यांनी ‘माउली’ हा शब्द बरोबर आणिला. परदेशी मिशनऱ्यांच्या इंग्रजी प्रार्थनांत राजा व न्यायाधीश ह्या उपमांचा भरणा अधिक होता. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त माउली झाला. हे शास्त्राला सोडून नव्हते. यशया संदेष्ट्याने देवाच्या मायेला आईचीच उपमा दिली आहे. १९१७ साली त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. नाव दरबाराचे, परंतु त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. बाराबंदी घातलेल्या भालदार-चोपदारांचा हा दरबार नव्हता.

असो. गैरसमज दूर झाले म्हणजे जगातील दुःखाचे कोडे सुटते, असे मात्र कोणी समजू नये. इर्शाळवाडीवर दरड का कोसळली, ह्याचे भूशास्त्रीय उत्तर मिळेल; त्या रात्री देव कोठे होता, ह्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्त्यांना एक मिळेल, आम्हांस दुसरे, आणि कित्येकांना मिळणारच नाही. आमचे म्हणणे इतकेच की, खोट्या उत्तरापेक्षा ईयोबाच्या मित्रांचे ते सात दिवसांचे मौन बरे.

ह्यातून आपल्या घरांसाठी एक साधा नियम निघतो, व तो ख्रिस्ती-हिंदू अशा दोघांनाही सारखाच लागू आहे. जे वर्तन एखाद्या सज्जन गृहस्थाने केले असता आपल्याला त्याची लाज वाटेल, ते देवाच्या नावावर घालू नये. मुलाने खोटे बोलल्यास देव तुझी जीभ झाडील, असे त्याला दटावताना क्षणभर थांबावे. तात्पुरता धाक बसेल. परंतु त्याच्या मनात देवाचे जे चित्र त्या क्षणी उमटते ते पुसावयास पुढे आयुष्य पुरत नाही. कित्येक विचारी तरुण देवापासून दूर जातात ते बहुधा देवापासून नव्हे, तर अशा चित्रापासून. त्यांना नास्तिक म्हणण्याअगोदर, त्यांनी नाकारिलेला देव कोणता, एवढे तरी विचारून पाहावे. पुष्कळदा असे आढळून येईल की, तो नाकारण्यासारखाच होता.